ईद आपल्या मंडळाच्या कॅलेंडरात हवी

नमस्कार मंडळी, आणि उशिरा का होईना सगळ्यांना ईद मुबारक! मला ग्वाल्हेरबद्दल बोल म्हणून सांगितलंय, तर मी तिथल्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीतल्या ईदबद्दल बोलते.

मी शाळेत होते तेव्हा ईद ऐन मे-जूनमध्ये यायची. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यात आपल्यासारखा अधिक महिना नसतो, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि ३३ एक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, बाहेर लू चालायची आणि शेजारच्या खाला रोजा ठेवून, पाण्याचा थेंब न घेता दिवसभर शिलाई मशीनवर बसायच्या, कारण मोहल्ल्यातल्या पोरांचे ईदचे कपडे वेळेवर व्हायला हवेत. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, बाड्यावरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची, तरी आई आणि खाला आम्हा सगळ्या पोरींना घेऊन बांगड्या भरायला जायच्याच. ईदच्या नमाजआधी फितरा, म्हणजे गरिबांसाठीचं दान, द्यायचं, म्हणजे गरिबाघरीही त्या दिवशी गोडाधोडाचं होईल, हे मला खालांनीच समजावलेलं.

माझी आजी सोवळ्यातली, बाहेरच्या कुणाच्याच हातचं खायची नाही. तर खाला तिच्यासाठी शेवया, खारका, चारोळी, साखर असं सगळं कोरडं पाठवायच्या, आजी ते आपल्या चुलीवर आपल्या दुधात शिजवायची आणि पहिली वाटी खालांकडे जायची! दोघींपैकी कुणीच कुणाला ‘तू बदल’ असं म्हणाली नाही. मला आजही हे फार मोठं वाटतं.

आणि हे फक्त आमच्या गल्लीचं नाही हो. ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्याचा मुहर्रमला ताजिया, म्हणजे ताबूत, निघायचा (मुहर्रम शोकाचा असतो बरं का, त्याला मुबारक पाठवू नका). आपण ज्या ग्वाल्हेर गायकीचा एवढा अभिमान बाळगतो ती हस्सू खाँसाहेबांकडून वासुदेवबुवा जोशी शिकले, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि मग महाराष्ट्रभर पसरली.

आता आपल्या मंडळाचं बघा. रत्नागिरीची, मिरजेची मुसलमान कुटुंबं आपल्यात आहेत, घरात मराठीच बोलतात, गणपतीत आपल्याबरोबर खुर्च्या लावतात, आणि आपल्या कॅलेंडरात त्यांची ईद नाही. २०२५ ला भारतात ३० मार्चला पाडवा होता आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसून ३१ ला ईद. आपण पाडवा दणक्यात केला आणि ईदला ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकून मोकळे झालो, मला ते फार लागलं.

म्हणून समितीला माझी विनंती आहे की पुढच्या वर्षीपासून ईद मिलन करूया, पण ज्यांची ईद त्यांनाच स्वयंपाकाला जुंपायचं नाही, काम आपण बाकीच्यांनी करायचं. शाकाहारी टेबल वेगळं ठेवू, कुणालाच अवघडायला नको. तारीख चंद्रावर ठरते, हॉल काही आयत्या वेळी मिळत नाही, तेव्हा ईदनंतरचा शनिवार धरू. शेवया माझ्याकडे, बाकी कोण काय करतंय ते आज जेवताना मला येऊन सांगा.