आडनाव : क्लिंटन

(दृश्य : रखरखीत उन्हातला फिनिक्स विमानतळ)

२७ जून २०१६. ॲरिझोनातल्या फिनिक्स विमानतळावर बिल क्लिंटन एका सरकारी विमानापाशी येतात आणि सरळ आत चढतात. आत बसल्यात अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख, लोरेटा लिंच. गप्पा नातवंडांच्या अन् गोल्फच्या झाल्या, असं लिंच नंतर म्हणाल्या. झाल्या असतीलही. पण एफबीआय तेव्हा बिल यांच्या पत्नी आणि अध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी यांच्या ईमेलची चौकशी करत होती, आणि एफबीआय होती लिंच यांच्याच खात्याखाली. गप्पा मारल्या नवऱ्याने, जाब द्यावा लागला बायकोला.

(दृश्य : आर्कान्सॉ, प्रचाराची जुनी छायाचित्रं)

लग्नानंतरही त्या हिलरी रॉडहॅमच होत्या. १९८० साली बिल गव्हर्नरपद गमावून बसले. बायको नवऱ्याचं आडनाव लावत नाही, ही कुजबुजही त्या पराभवानंतर चघळली गेली. १९८२ च्या प्रचारात त्या क्लिंटन झाल्या. मतांसाठी घेतलेलं आडनाव!

मग १९९८. बिल तेव्हा अध्यक्ष होते. जानेवारीत टीव्हीवर त्यांनी नवऱ्याची बाजू घेतली. ऑगस्टमध्ये नवऱ्याने व्हाइट हाउसमधल्या तरुण कर्मचारी मोनिका लुइन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली.

(दृश्य : न्यूयॉर्कजवळचं चॅपक्वा, झाडीतलं पांढरं घर)

पण सगळंच नवऱ्याच्या माथी मारता येत नाही. परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामाचे ईमेल घरच्या सर्व्हरवरून पाठवायचं त्यांनीच ठरवलं. पुढे तीसेक हजार ईमेल सरकारजमा झाले, तेवढेच 'खासगी' म्हणून पुसले गेले. खासगी कोणते, हे ठरवलं त्यांच्याच वकिलांनी. मतदाराला खटकलं ते इथे, आणि खटकायलाच हवं होतं. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी जुलै २०१६ मध्ये खटल्याची शिफारस केली नाही, पण 'अत्यंत निष्काळजी' हा शिक्का मारलाच.

२८ ऑक्टोबरला, मतदानाला ११ दिवस उरले असताना, कोमींचं नवं पत्र आलं. ईमेल सापडले होते हिलरींच्या सहकारी हुमा आबेदिन यांच्या पतीच्या लॅपटॉपवर. पुन्हा एक नवरा! ६ नोव्हेंबरला कोमी म्हणाले, निष्कर्ष बदललेला नाही. तोवर लाखो लोक मत देऊन मोकळे झाले होते.

(दृश्य : मतमोजणीची रात्र)

हिलरींना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली. पण अमेरिकेत अध्यक्ष ठरतो राज्यवार निकालांवर. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्यं मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी गेली, आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना त्या दिवशी विचारलं होतं : या प्रामाणिक वाटतात का? ६० टक्क्यांहून अधिक लोक 'नाही' म्हणाले.

ट्रम्प यांच्याबद्दलही.