वीणा खाली ठेवत नाहीत

(पडद्यावर: पहाट, आळंदी. पखवाजावर कणिक थापणारे हात.)

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय घुमारा येत नाही. जिची पोळी व्हायची, त्या कणकेचा इथे नाद होतो.

(इंद्रायणीचा घाट.)

१९१७ साली विष्णुबुवा जोगांनी याच गावात वारकरी शिक्षण संस्था काढली. बुवा पुण्याचे, तालमीत अंग कमावलेले, जन्मभर ब्रह्मचारी. कीर्तन तोवर वारकऱ्यांच्या फडाफडांतून, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या गटांतून, गुरूकडून शिष्याकडे जायचं. बुवांनी ते येईल त्या मुलासाठी खुलं केलं. चार वर्षांचा अभ्यास, फी नाही. मुलांनी खांद्याला झोळी अडकवून गावात माधुकरी मागायची आणि ज्ञानेश्वरी, गाथा मुखोद्गत करायची. शिकवणाऱ्यांत पुढे सोनोपंत दांडेकरही होते. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे, नंतर तिथलेच प्राचार्य झालेले.

फुकट का? तुकोबांनी कीर्तनकाराला घातलेली पथ्यं फार कडक आहेत. जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचं नाही. कपाळी बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात माळ घालून घ्यायची नाही. इतकंच काय, सोबतच्या घोड्याबैलासाठी दाणावैरणही मागायची नाही! आणि पैसे घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही त्यांनी नरकातच धाडलं.

घेणाऱ्याचं समजतं. पण देणाऱ्याने काय घोडं मारलं? मला वाटतं, पैसे हातावर ठेवले की ऐकणारा मोकळा होतो. हिशेब मिटतो. तुकोबांना तो मिटू द्यायचा नव्हता. अभंग संतांचा, चाल गुरूने दिलेली, ताल मागच्या टाळकऱ्यांचा. कीर्तनकाराचं स्वतःचं म्हणून उरतं काय? आवड. तिची बिदागी किती सांगणार?

आज पाकीट सर्रास चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही. गाडीला डिझेल लागतं, पखवाजवाल्यालाही घर असतं. नुसती नावं ठेवणं सोपं आहे. पण तुकोबांची ती अट कीर्तनकारालाही पाठ असते, आणि काही जण आजही ती पाळतात.

(रात्र. गावचा हरिनाम सप्ताह. मंडपात दोनचार माणसं जागी.)

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. गावकरी पाळीपाळीने ती गळ्यात घेऊन नाम घेत उभे राहतात, यालाच पहारा म्हणायचं. शेतावरून आलेला, दुकान बंद करून आलेला, कुणीही. गाता गळा नसला तरी चालतं, नाम घेता आलं की झालं.

आता रात्रीचे दोन. पहारा बदलतोय. नवा माणूस वाकून जुन्याच्या पाया पडतो. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि आता बघा, देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो.

(आवाज फक्त वीणेच्या तारेचा.)