कार्डावरचे कपॅसिटर

हे डेटा साठवायचं कार्ड हातात घेऊन बघा आणि पुढे द्या. खालची सोनेरी पट्टी सर्व्हरच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसते, म्हणजे कार्ड थेट प्रोसेसरशी जोडणाऱ्या वेगवान खाचेत. वरचा अॅल्युमिनियमचा ठोकळा काढलाय, त्यामुळे काळ्या चौकोनी चिपा दिसतील. त्या फ्लॅश, वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी मेमरी. आणि कडेला रांगेत बसलेले ते कपॅसिटर, थोडी वीज साठवून ठेवणारे, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, मला मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलायचंय.

त्याआधी थोडं मागे जाऊ. मिनिटाला 15,000 फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला 4 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेड हलण्याचा वेळ. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला जेमतेम दोनशे. डेटाबेसवाले तेव्हा डझनांनी डिस्क लावत, त्या जागेसाठी नव्हे, हेडांसाठी. फ्लॅश तेच वाचन साधारण 100 मायक्रोसेकंदांत करते. पण ती साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्क जोडायच्या नेहमीच्या, तारेमागे बसवली की गंमत होते: रांग एकच, त्यात हुकूम फार तर 32. फिरत्या तबकडीला एवढं पुरत होतं.

मग फ्लॅश थेट पीसीआय एक्सप्रेसवर आणली गेली. फ्यूजन-आयओने 2007 मध्ये आयोड्राइव्ह जाहीर केलं. अॅपलचे स्टीव्ह वॉझनिअॅक 2009 मध्ये याच कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ झाले. वेग होता, पण ज्याचं कार्ड त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदललं की ड्रायव्हरची वाट बघत बसायचं. ही कटकट एनव्हीएमईने, म्हणजे अशा सगळ्या ड्राइव्हांशी बोलायच्या एकाच ठरलेल्या पद्धतीने, मिटवली. त्याची पहिली आवृत्ती मार्च 2011 ची. रांगा 65,535 पर्यंत, प्रत्येकीत तितकेच हजारो हुकूम. आकडा दिपवणारा आहे, पण खरा फायदा हा की प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळते. एकाच कुलपापाशी सगळ्यांची गर्दी नाही.

आता लिहिणं. फ्लॅशचं पान पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही, आणि पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. त्याला काही मिलिसेकंद लागतात. तुमचं वाचन त्याच्या मागे अडकलं तर फ्लॅश क्षणभर हार्ड डिस्कच होते. म्हणून मला सरासरी सांगू नका, दहा हजारातलं सगळ्यात रखडलेलं वाचन सांगा. आणि कोऱ्या कार्डावर दहा मिनिटं चाचणी करून आलेला आकडा तर विसराच. आधी पूर्ण कार्ड दोनदा भरा, मग मोजा. आत तेवढीच फ्लॅश असताना एक कार्ड 1.92 टेराबाइटचं म्हणून विकलं जातं आणि दुसरं 1.6 चं. लोकांना यात फसवणूक वाटते. उरलेली जागा कार्डाला आतली आवराआवर करायला मिळते, आणि सतत लिहिणाऱ्या कामाला मी दुसरंच घेईन.

तर कपॅसिटर. डेटाबेस व्यवहार नोंदवताना एफसिंक करतो, म्हणजे कार्डाला विचारतो, ‘पक्कं झालं का?’ साध्या एसएसडीपुढे, म्हणजे कपॅसिटर नसलेल्या फ्लॅश ड्राइव्हपुढे, दोनच वाटा: फ्लॅशवर लिहून होईपर्यंत थांबवून ठेवणं, नाहीतर खोटं ‘हो’ म्हणणं. कपॅसिटर असलेलं कार्ड डेटा आपल्या डीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या वेगवान मेमरीत, घेतं आणि लगेच ‘हो’ म्हणतं, खरंखुरं. कारण वीज गेलीच, तर कपॅसिटरमधल्या साठ्यावर डीरॅममधलं सगळं फ्लॅशवर उतरवण्यापुरते मिलिसेकंद मिळतात. म्हणजे विमा म्हणून लावलेली वस्तू वेगही देते! दुसरंही एक आहे. फ्लॅशच्या एका पेशीत दोन-तीन बिटं असतात. पुढचं बिट लिहिताना वीज गेली तर आधी नीट लिहिलेलंही बिघडू शकतं. कालचा डेटा आज जातो.

टिकाऊपणाचा हिशेब सोपा आहे. 3.84 टेराबाइटचं कार्ड, दिवसाला एकदा पूर्ण लिहायची मुभा, पाच वर्षं: 7,008 टेराबाइट. बहुतेकांचं लिहिणं याच्या जवळपासही जात नाही.

कार्डं झिजून मरण्याआधी फर्मवेअरमुळे, म्हणजे त्यांच्या आतल्याच सॉफ्टवेअरमुळे, मरतात, याची मला जास्त धास्ती. 2019 मध्ये एका मोठ्या सर्व्हर कंपनीने कळवलं की तिचे काही एसएसडी 32,768 तास चालले की कायमचे बंद पडतील, डेटासकट. आकडा ओळखलात? दोनचा पंधरावा घात. 16 बिटांचा चिन्हांकित मोजणारा तिथे उलटतो. आता विचार करा, आरसा म्हणून, म्हणजे एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवायला, लावलेले दोन्ही ड्राइव्ह तुम्ही एकाच सकाळी चालू केले असतील तर? म्हणून जोडीतलं दुसरं कार्ड मी वेगळ्या लॉटचं, म्हणजे कारखान्यातल्या वेगळ्या खेपेचं, मागतो, आणि काही आठवडे दुसरीकडे चालवूनच जोडीला लावतो.