लांबचा रस्ता, लवकर मुक्काम

मंडळी, दोन विमानतळांमधलं अंतर घ्यायचं, त्याला विमानाच्या वेगाने भागायचं, की प्रवासाचा वेळ मिळाला, असं आपण धरून चालतो. या भागाकारात वारा कुठेच नसतो. आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल, आणि त्यासाठी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग घेऊ. कितीतरी मराठी घरांतली मुलं कॅलिफोर्नियात आहेत, तेव्हा हा प्रवास आपल्या ओळखीचा आहे.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो सुमारे 12,400 किलोमीटर भरतो. तो दिल्लीहून जवळपास उत्तरेला निघतो आणि तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक महासागर असा जातो. पण तिबेटवरून विमान नेणं जोखमीचं. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला साधारण 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथलं पठारच सरासरी 14,000 फुटांहून उंच आहे! प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन तर काही मिनिटांचाच.

एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. सुमारे 13,900 किलोमीटर, साडेसोळा तास. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने ते उलट्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. हा रस्ता 15,300 किलोमीटरचा, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास!

आता भागाकार करून बघा. पहिल्या रस्त्यावर जमिनीच्या हिशेबाने ताशी सरासरी 840 किलोमीटर, दुसऱ्यावर 1,055. विमान तेच, इंजिनं तीच. फरक केला तो जेट स्ट्रीमने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा पट्टा हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. विमान हवेत पोहतं. हवाच पुढे सरकत असेल तर तेही तिच्याबरोबर सरकतं.

इथे बरेच जण म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून प्रवासाचा वेळ बदलतो. पश्चिमेला जाताना मुक्कामाचं गाव आपल्याकडे येतं. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि विमान त्या वातावरणातच असतं. तसं नसतं तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता, प्रत्यक्षात तोच लांबतो. जेट स्ट्रीम घडवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, पण तो वेगळ्या वाटेने: विषुववृत्ताकडची ऊब ध्रुवाकडे निघते आणि फिरणारी पृथ्वी त्या प्रवाहाला पूर्वेकडे वळवते.

मग परतताना काय करायचं? जानेवारी 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आलेलं विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या कॉकपिटमधल्या सगळ्या वैमानिक स्त्रिया होत्या. त्यांत कॅप्टन आकांक्षा सोनावरेही होत्या. मला या उड्डाणाचा फार अभिमान वाटतो. दोन शहरांमधलं सरळ अंतरच सुमारे 14,000 किलोमीटर, वेळ सतरा तासांच्या आसपास. पूर्वेला जाताना जो वारा पाठीवर घ्यायचा, तो परतताना असा बगल देऊन टाळायचा.

जवळच्या प्रवासात वाऱ्यापेक्षा जमीन जास्त वेळ खाते. मुंबई–दिल्ली सुमारे 1,140 किलोमीटर, तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठीची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आधीच धरलेलं असतं. विमान वेळेआधी पोहोचलं, तर त्या दिवशी यातलं काहीतरी वाचलेलं असतं.