लाकडं फोडणाऱ्या यंत्राचा आवाज

नमस्कार श्रोतेहो! आज बोलायचंय लाकडं फोडणाऱ्या हायड्रॉलिक यंत्राबद्दल, म्हणजे लॉग स्प्लिटरबद्दल. रेडिओवर यंत्र दाखवता येत नाही, पण याचं निम्मं दुखणं कानालाच कळतं. तेव्हा हे आपल्या पथ्यावरच पडलं म्हणायचं.

आधी ताकदीचा हिशेब. सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटिमीटर धरा, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. ऑईलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १७५ किलो असेल, तर ओंडक्यावर जवळजवळ १४ टनांचा जोर येतो. हा सगळा जोर ऑईलच वाहून नेतं. इंजिनाची काळजी तर आपण घेतोच. ऑईलची आठवण मात्र यंत्र अडल्यावर येते.

बऱ्याच यंत्रांत पंप दोन टप्प्यांचा असतो. ओंडक्याला टेकेपर्यंत ऑईल भरपूर आणि दाब कमी, त्यामुळे पिस्टनचा दांडा झपझप सरकतो. गाठीचं लाकूड लागलं की पंप दुसऱ्या टप्प्यावर जातो. दांडा मंदावतो, इंजिनाचा आवाज जाड होतो आणि मग येतो तो ‘कडाड’. हा निरोगी आवाज. तो कानात बसवून घ्या, म्हणजे बिघडलेला लगेच खटकेल.

बिघडलेला म्हणजे किंचाळणारा. पंप असा किंचाळला की समजावं, त्याला ऑईल पुरत नाहीये. गारठ्यात ऑईल घट्ट झाल्यामुळे सुरुवातीला थोडी कुरकुर होते. इंजिन जरा रिकामं चालू दिलं की ती थांबते. थांबली नाही तर टाकीतली पातळी बघा, गाळणी तुंबलीय का बघा. आणि टाकीकडून पंपाकडे येणारा जाड पाईप तर बघाच. त्याची क्लिप ढिली असली तरी पंप चालू असताना खाली बहुधा थेंबही दिसत नाही, कारण तिथं पंप ओढत असतो. ऑईल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. आपण मात्र जमिनीवर डाग शोधत बसतो! त्या जोडावर थोडं ऑईल सोडा. आवाज क्षणभर बदलला, तर चोर सापडला.

पातळी बघताना दांडा पूर्ण आत घेतलेला हवा. मी एकदा तो बाहेर असतानाच टाकी काठोकाठ भरली. हँडल मागे ओढलं, सिलिंडरमधलं ऑईल परत आलं आणि टाकीच्या झाकणातून थेट माझ्या बुटांवर. तेव्हापासून विसरलेलो नाही.

ऑईल दुधासारखं दिसलं, तर थोडं काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी नितळ झालं तर हवा होती. तसंच पांढरट राहिलं तर पाणी. पाणी असेल तर काटकसर नको. सगळं ऑईल बदला, फिल्टरही बदला. कोणत्या ग्रेडचं घालायचं, ते यंत्राच्या पुस्तिकेत बघा.

लाकूड फोडणाऱ्या पाचरीला वस्तऱ्यासारखी धार असायची गरज नाही. धारेवर उठलेले काटे कानशीनं काढले की पुरे. काम संपल्यावर दांडा आत घेऊनच यंत्र ठेवा. बाहेर राहिलेल्या चकचकीत दांड्यावर गंज धरला, की तोच पुढे सील फाडतो.

आता एक बिघाड असा, जो यंत्राच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. दाबाच्या होजला, म्हणजे ऑईलच्या लवचिक नळीला, सुईएवढं भोक पडतं, धार इतकी बारीक की डोळ्यालाही दिसत नाही. हात फिरवून ती शोधायला जाऊ नका! हातमोजा असला तरी नाही. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लांबून होजजवळ फिरवा. ओला डाग पडेल. मग इंजिन बंद करा, हँडल दोन्हीकडे हलवून दाब उतरवा आणि त्यानंतरच पाना हातात घ्या. होज बदला, टेप गुंडाळू नका.

आणि धार कातडीत घुसलीच, तर वर फक्त एक ठिपका दिसेल, सुरुवातीला फारसं दुखणारही नाही. ऑईल मात्र आत पसरत असतं. उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. तडक मोठ्या रुग्णालयात जा. तिथं ‘काहीतरी टोचलंय’ असं सांगू नका. ‘दाबाखालचं हायड्रॉलिक ऑईल आत गेलंय’ हेच शब्द वापरा, आणि ऑईलच्या डब्यावरचं लेबल सोबत न्या.