डी प्लस आणि नव्वद टक्के

नमस्कार श्रोतेहो. २०१८ साली दिग्दर्शक ॲरी ॲस्टर यांचा ‘हेरेडिटरी’ हा भयपट आला. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर त्याला सुमारे ९० टक्के मिळाले, आणि प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी ‘डी प्लस’ दिला, म्हणजे जवळजवळ नापासच.

इथे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. दहातली नऊ परीक्षणं अनुकूल, एवढंच. जेमतेम बरा वाटला काय आणि फार आवडला काय, मत एकच धरतात. सिनेमास्कोरची कार्डं पहिल्या रात्री खेळ सुटताना भरून घेतात. त्या रात्रीचा प्रेक्षक ट्रेलर पाहून आलेला असतो. त्याला भूत हवं होतं आणि पडद्यावर बराच वेळ सुतकातलं घर दिसलं. तो चिडणारच.

समीक्षकांनी आईची भूमिका करणाऱ्या टोनी कोलेटला डोक्यावर घेतलं, ते योग्यच. जेवणाच्या टेबलावर आई पोटच्या मुलावर तुटून पडते, त्या प्रसंगात भूत कुठेच नाही, तरी घास अडकतो. शेवटावर मात्र काहींनी आक्षेप घेतला: सैतानपूजकांचा कट उघडा पडला की घरच्यांच्या आपसातल्या दोषाला बाहेरचा धनी मिळतो. मला हा आक्षेप रास्त वाटतो.

पण ‘भूत म्हणजे दुःखाचं प्रतीक’ एवढं लिहून थांबणारं परीक्षण मला अपुरं वाटतं, मराठीत तर फारच. आपल्या नागपूरच्या अंबाझरी घाटावर दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवेना, की कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, “पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका.” हे प्रतीक आहे का, असं तिथे कुणी विचारत नाही. गेलेला माणूस ऐकतोय, आणि रडूही आवरत नाही. ही नजर आपल्याकडे आयती आहे, ती परीक्षणात उतरली पाहिजे.

परीक्षकांची मतं काळानुसार बदलतातही. निकोलस रोग यांच्या ‘डोन्ट लुक नाऊ’ या भयपटाबद्दल १९७३ मध्ये मतं दुभंगली होती, १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत तो आठवा आला. म्हणून लिहिणाऱ्यांनी दोनदा पाहावं. दुसऱ्या वेळी घड्याळ जवळ ठेवा आणि नक्की अमानवी म्हणता येईल अशी पहिली गोष्ट कितव्या मिनिटाला घडते, ते टिपा. मोबाइलवर पाहू नका: ‘हेरेडिटरी’तली खर्जातली घरघर त्या स्पीकरमधून येतच नाही. हेडफोन लावा, दिवे घालवा. धाकटी मुलगी जिभेनं टक् असा आवाज करते. तो पुढे कुठे कुठे ऐकू येतो, तेही लिहून ठेवा.