काट्यापासून प्रमाणपत्रापर्यंत

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांतून लोखंडाचा चुरा, पत्र्याचे कातरण, प्लास्टिक आणि पुठ्ठा बाहेर पडतो. हा माल विकत घेऊन, त्याची निवडणी करून तो पुन्हा उद्योगांना पुरवणाऱ्या व्यावसायिकाला सगळ्या कारभारासाठी एक सॉफ्टवेअर घ्यायचे असेल, तर त्याने पहिली पाहणी आपल्या वजनकाट्यावर उभे राहून करावी, असे आमचे मत आहे.

आता काट्यावर आलेल्या या गाडीत लेथवरचा चुरा आहे. त्यातून कूलंट (कातकाम थंड ठेवणारे द्रव) आणि तेल अजून निथळत आहे. पर्यवेक्षक मूठभर चुरा हातात घेऊन ओल तपासतो आणि काटा पावतीवर पेनाने घट, म्हणजे ओलीपोटी वजा करायचे वजन, लिहितो. कारखान्याच्या चलनावर एक वजन असते, काट्यावर दुसरे भरते आणि घट वजा जाता पैसे तिसऱ्याच वजनाचे द्यावे लागतात. नेहमीची ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली, खरेदी आदेशातील दर आणि नग ठरलेले आहेत, असे धरून चालते. भंगारात मात्र माल उतरवून पाहिल्यानंतरच दोन्ही ठरतात. ही तिन्ही वजने, घटीचे कारण आणि ती मान्य करणाऱ्याचे नाव एकाच नोंदीत राहत नसेल, तर त्या सॉफ्टवेअरचे बाकीचे गुण पाहण्यात वेळ घालवू नये.

यापुढची अडचण निवडणीच्या पट्ट्यावर येते. कारखान्यात अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू तयार होते, तर येथे एका ढिगातून बाटल्या, झाकणे, पिशव्या आणि कोणीच विकत न घेणारा उरलेला कचरा असे अनेक माल निघतात. त्यातला शेवटचा तर पदरचे पैसे देऊन पाठवावा लागतो. दहा टन माल आत आला असेल, तर विकलेला माल, शिल्लक साठा, टाकाऊ भाग आणि वाळून गेलेली ओल यांची बेरीज पुन्हा दहा टन भरली पाहिजे. जेथे निवडणी करणाऱ्या महिलांची मजुरी किलोवर ठरते, तेथे त्यांच्या गोणीचे वजन त्यांना मराठीत, पडद्यावर, त्याच क्षणी दिसले पाहिजे. ही सोय विक्रेत्याच्या यादीत सहसा नसते, म्हणून ती आग्रहाने मागावी.

हाच मेळ पुढे कायद्याला लागतो. प्लास्टिकच्या विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्याने त्याच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यायची या नियमाखालची, प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रण किंवा प्रक्रिया करणाऱ्यालाच तयार करता येतात, आणि ती प्रत्यक्ष प्रक्रिया केलेल्या मालावर अवलंबून असतात. धातूच्या भंगाराबाबत १० ऑक्टोबर २०२४ पासून, विक्रेता जीएसटीखाली नोंदणीकृत नसेल, तर नोंदणीकृत खरेदीदाराला कर स्वतः भरावा लागतो. हातगाडीवरून माल आणणारा फेरीवाला आणि नोंदणीकृत कारखाना यांच्यातला हा फरक प्रणालीने पावती करतानाच ओळखला पाहिजे. महिनाअखेरीस कर सल्लागाराने तो शोधत बसू नये.

जर्मनीच्या एसएपी आणि आयर्लंडच्या एएमसीएस या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे या व्यवसायासाठी खास प्रणाली आहेत. अनेक केंद्रे आणि गाड्यांचा मोठा ताफा असलेल्या कंपनीने त्यांचा जरूर विचार करावा. एकच काटा असलेल्या व्यावसायिकाने मात्र हिशेब टॅलीत चालत असतील, तर ते तसेच ठेवून वजन आणि निवडणीची प्रणाली त्याला जोडून घ्यावी, हे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

विक्रेता तयार नमुन्यावर प्रात्यक्षिक दाखवू लागला, तर त्याला आपल्याच एका दिवसाच्या पावत्या द्याव्यात. त्यात परत पाठवलेली एक गाडी, पावसात भिजलेला पुठ्ठा आणि दर मध्येच बदललेला एक व्यवहार असावा. वजन काट्याच्या इंडिकेटरवरून (आकडा दाखवणाऱ्या यंत्रावरून) थेट प्रणालीत यावे आणि कोणी ते हाताने बदलल्यास त्याचे नाव व वेळ उमटावी. इंटरनेट बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण गाडी काट्यावर ताटकळत ठेवता येत नाही.

करारातील एका कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तेवढ्या काळात विक्रेता बदलला, तर सर्व पावत्या, वजने आणि छायाचित्रे दुसऱ्या प्रणालीत उघडतील अशा स्वरूपात किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने मिळतील, हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे.